शेंबडा भोंगा आणि नवरदेवाची गाडी

मुलाने मागच्या दिवाळीत घेऊन दिलेल्या गाडीत एक बाई राहते. ती दिसत नाही, फक्त बोलते. आवाज बँकेत नव्याने आलेल्या मॅनेजरसारखा, अतिशय नम्र आणि समोरच्याचं काहीही ऐकून न घेणारा. सेलूहून हिंगणीकडे निघालं की ती मला ठरावीक जागी डावीकडे वळायला सांगते. तिथे डावीकडे पाटबंधाऱ्याचा कोरडा पाट आहे. मी वळत नाही. मग ती क्षणभर गप्प होते, मनातल्या मनात माझ्या शिक्षणाचा अंदाज घेते आणि मला परत फिरायला सांगते. आमचं हे भांडण वर्षभर चाललं आहे. "आई, तिचं ऐकत जा, तिला वरून दिसतं," असं मुलगा पुण्याहून फोनवर समजावतो. वरून पाट आणि पांदणवाट सारखीच दिसत असतील तर त्याला मी काय करू? आणि वरून पाहून रस्ता सांगणाऱ्यांची मला नवलाई नाही. आमच्या तरुणपणीही ती मंडळी होती. फक्त तेव्हा ती सफारी सूट घालून पुढच्या सीटवर बसत, आणि त्यांना बंद करायचं बटण नव्हतं.

आमचं घर सेलूच्या बाजारपेठेमागे होतं, आणि ते घर होतं की गोदाम हे आम्हालाही नीट सांगता आलं नसतं. बाबा मूळचे कपडे शिवणारे. लोकांना मांडवाचं छत शिवून देता देता त्यांच्या लक्षात आलं की माणूस नवे कपडे वर्षातून एकदा शिवतो, मांडव मात्र लग्नाला, बारशाला, तेरवीला आणि निवडणुकीला, कशालाही घालतो. त्यांनी शिलाईचं मशीन कोपऱ्यात सरकवलं आणि बिछायत केंद्र काढलं. त्यानंतर आमच्याकडे आमचं असं काही उरलं नाही. आम्ही झोपायचो त्या गाद्या भाड्याच्या, जेवायचो त्या ताटांवर केंद्राचं नाव ठोकलेलं. सीझनमध्ये सगळी ताटं बाहेर गेली की आई पत्रावळीवर वाढायची, आणि घरात रोज कुणाचं तरी कार्य असल्यासारखं वाटायचं. भांडीही पंगतीच्या मापाची. चार माणसांचा गोळाभात आई ज्या गंजात शिजवायची त्यात मी लहानपणी अख्खी बसत असे. बेसनाचे गोळे तळाशी कुठेतरी हरवायचे आणि लांब दांड्याच्या पळीने ते शोधून वाढताना आई विहिरीतून बादली काढल्यासारखी दिसायची. वरून कडकडीत तेलाची फोडणी पडली की मात्र त्या वासापुढे भांड्याचं माप कुणाला आठवत नसे.

समोरच्या खोलीत सिंहासन होतं. लाल मखमल, सोनेरी रंग, दोन्ही हातांना सिंहाची तोंडं. त्यातल्या एका सिंहाचं नाक कुठल्याशा वरातीत गेलं होतं. लग्नात त्यावर नवरदेव बसायचा आणि सभेत पुढारी, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर हे आपल्याला जन्मभर पुरणार आहे असाच भाव असायचा. मी मॅट्रिकचा अभ्यास त्याच सिंहासनात पाय वर घेऊन केला. दुपारचं ऊन खिडकीतून नेमकं त्याच्या गादीवर पडायचं, म्हणून आई तिथे मुगाचे सांडगे वाळत घालायची. एकदा एका मोठ्या पाहुण्यांच्या धोतराला मागे एक सांडगा चिकटला आणि पाहुणे तो घेऊनच भाषणाला उभे राहिले. शेतकऱ्यांच्या कल्याणावरचं ते भाषण मी लक्ष देऊन ऐकलं, असं माझ्या आयुष्यात फार कमी भाषणांच्या बाबतीत झालं आहे. सत्तेबद्दलची माझी जी काही मतं आहेत ती पुढे पुस्तकं वाचून पक्की झाली, पण ती रुजली त्या सांडग्यापासून.

आणि भोंगे. अंगणात कडुनिंबाखाली लाउडस्पीकरचे भोंगे धोत्र्याच्या फुलांसारखे तोंड वर करून पडलेले असायचे. रोज सकाळी बाबा एकेक भोंगा जोडून तपासायचे. बाबा एरवी फार कमी बोलत. घरात त्यांचा आवाज ऐकायचा तर माइक हातात असताना ऐकावा लागे. "हॅलो, हॅलो," म्हणायचे, मग थांबायचे आणि भोंग्याने काय उत्तर दिलं ते ऐकायचे. प्रत्येक भोंग्याचा गळा वेगळा. एक खणखणीत, एक घोगरा, आणि एक शेंबडा. हा शेंबडा भोंगा मुळात चांगला होता. एका तेरवीत तो झाडावरून पडला आणि आतला पडदा फाटला. नागपूरहून नवा पडदा येईस्तोवर म्हणून मी बाभळीचा डिंक आणि पतंगाचा कागद लावून तो चिकटवला. नवा पडदा कधीच आला नाही. शेंबडा बाकी स्वर नीट काढायचा, पण सनई वर चढली की त्याच्या नाकात गोमाशी शिरल्यासारखा आवाज यायचा. काका म्हणायचे, फेकून द्या. बाबा तो मुद्दाम लांबच्या गावी लावायचे. लांबच्या लोकांना तो आवाज भारी वाटायचा.

या सगळ्या सामानात एक पांढरी अँबॅसिडर होती. नवरदेवासाठी आणि पुढाऱ्यांसाठी भाड्याने द्यायची. ती जुनी घेतली तेव्हा तिच्याबरोबर तिचे ड्रायव्हर गफूरभाईही आले, गाईबरोबर वासरू यावं तसे, फक्त वासरू गाईपेक्षा वयाने मोठं. मी गाडी धुवायचे म्हणून त्यांनी मला आधी पुढेमागे घ्यायला शिकवलं, आणि पुढे कापसाचा मोसम संपून बाजाराचं आवार रिकामं झालं की तिथे गोल गोल फिरवायला. गाडी चालवणं कठीण नव्हतं. क्लच तेवढा उखळातल्या मुसळासारखा जड होता. कठीण होतं ते गाडी कुठे न्यायची हे समजणं. तेव्हा आमच्या भागात पाट्या असलेले रस्ते थोडे, आणि असलेल्या पाट्यांवर गुरं अंग घासायची, त्यामुळे सगळी गावं अर्धीच लिहिलेली. गफूरभाई मला शेजारी बसवून हिंगणघाटला, आर्वीला, पुलगावला न्यायचे आणि येताना चालवायला द्यायचे. हिंगणघाट डोळे मिटूनही कळायचं, सरकीच्या तेलाचा वास गाडीत शिरला की आलं. पुलगावच्या अंगाला रस्ता विचारू नये हेही तेव्हाच कळलं. तिथे लष्कराचा दारूगोळा, त्यामुळे सांगणारा आधी तुम्हीच कोण ते विचारतो.

विचारणं ही गफूरभाईंची खरी विद्या. त्यांचं म्हणणं, चहाच्या टपरीवर कधी विचारू नये, तिथे जितके कप तितके रस्ते. डोक्यावर ओझं असलेल्या बाईला विचारावं, ती एक पाऊलही जास्तीचं चालत नाही. पण त्यातही तिची वाट पायाची, म्हणून पुढे हेही विचारावं की बैलबंडी जाते का. आणि सगळ्यात मोठा नियम त्यांनी मला एकदा चांगलाच सुनावला. मी एका म्हाताऱ्याला, हा रस्ता अमक्या गावाला जातो ना, असं विचारलं आणि तो हो म्हणाला म्हणून वळणार, तोच त्यांनी माझा हात धरला. "बेटा, 'जाते ना' पुछा तो ये मुलुक में कोई ना नहीं बोलता. पराए मानस का मन कौन तोडेगा? तू इचार, हा रस्ता कुठी जाते. मंग चूप राह्य." मी मागे जाऊन तसं विचारलं. म्हाताऱ्याने तोंडभरून सांगितलं की हा रस्ता त्याच्या शेतात जातो आणि तिथेच संपतो.

एक गोष्ट त्यांनी न शिकवता मी शिकले. पेट्रोल वाचवायला ते प्रत्येक उतारावर इंजिन बंद करायचे. गाडी नुसती घरंगळत जायची आणि अचानक सगळं शिवार ऐकू यायचं. पिठाच्या गिरणीचं पुक्‌ पुक्‌, त्यावरून गाव. मोटेचा जमाना गेलेला, पण विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज यायचा, त्यावरून मळा. कुत्री, शाळेची घंटा, कुठेतरी लग्नाचा भोंगा. इंजिन चालू असताना मी ड्रायव्हर होते आणि बंद झालं की गावातली. आजकालच्या गाडीत काचा बंद, आत गारवा आणि वर ती बाई बोलते. बाहेर जग ओरडून सांगत असलं तरी ऐकू येण्याची सोय नाही.

मग गफूरभाईंच्या डोळ्यांवर पडदा आला आणि ते मुलाकडे नागपूरला गेले. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्ध्याला जाऊन मी लायसन काढून आणलं होतं. साहेबांनी माझ्याकडून गाडी आठच्या आकड्यात मागे घेऊन घेतली, मग बाबांना विचारलं, हिचं लग्न झाल्यावर लायसनचं काय करणार? बाबा म्हणाले, तिच्याजवळच राहील. बाबांच्या मानाने हे भाषणच होतं. पण घरी काकांनी गाडीसाठी आपला साळा ठरवून ठेवला होता. काका सामानाचा ट्रक चालवायचे, धंद्यात त्यांची मेहनत मोठी, त्यामुळे त्यांचा शब्दही मोठा. ते ओसरीवर बसून बाबांना म्हणाले, नवरदेवाच्या गाडीवर पोट्टी बसवली तर तालुका हसेल. बाबा सुई-दोरा घेऊन कनातीचं फाटकं टाचत राहिले. उत्तर आईने दिलं, आतून. तिच्या कमरेला कपाटाच्या किल्ल्यांबरोबर गाडीची चावीही असायची.

"चावी माह्या कमरेले हाय, भाऊजी. ज्याले पाह्यजे त्यानं माह्याकडून घ्यावं."

काका हसले. मग त्यांनी अट घातली, आणि ती ऐकायला मोठी न्यायाची वाटत होती. "चालवू द्या तिले. मले काय करायचं हाय? पण ज्या दिवशी हे पोट्टी वाट चुकन, त्या दिवशी चावी माह्या साळ्याले. कबूल हाय का वं, कुंदे?"

मी कबूल म्हटलं. वय तसं होतं. आज वाटतं, अशी अट कधी कुणा पुरुषासमोर ठेवली गेली असती तर या जिल्ह्यात एकही गाडी चालली नसती. त्या सीझनमध्ये बोरखेडीच्या लग्नापर्यंत मी वाट चुकले नाही. त्यासाठी जे जे करावं लागलं ते करून. आदल्या दिवशी एसटीने जाऊन गाव पाहून यायचे. फाट्यावर उतरून शेण पाहायचे, ज्या वाटेवर शेण ती गावाची, जिथे शेण दिसेनासं झालं तिथून मागे. काका रोज संध्याकाळी विचारायचे, कसं झालं? मी म्हणायचे, झालं. एवढाच आमचा संवाद.

बोरखेडीचं लग्न वैशाखातलं. गाव हिंगणीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. मुलीकडच्यांनी आमचा मांडव आणि भोंगे घेतले होते, आणि मुलाकडच्यांनी गाडी. म्हणजे बाबा आणि काका सकाळपासून बोरखेडीत, आणि मी पुलगावच्या अंगाला नवरदेवाच्या दारात. आदल्या दिवशी गाव पाहून येणं त्या वेळी जमलं नव्हतं, परीक्षा होती. गाडी झेंडूच्या माळांनी सजवली आणि मी चाकापाशी बसले तसे नवरदेवाचे मामा पुढे आले. ते कुठल्याशा सोसायटीचे चेअरमन होते आणि घरातही सगळे त्यांना चेअरमनच म्हणत. फिक्का निळा सफारी सूट, वर फेटा, हातात काठी. त्यांनी विचारलं, डायवर कुठी हाय? मी म्हटलं, मीच. त्यांनी गाडीच्या पलीकडेही पाहून घेतलं, कुणी लपलं असेल तर. नवरदेवाची आई मात्र पुढे आली. तिने बॉनेटला हळदकुंकू लावलं, थोडी घुटमळली आणि तेच बोट माझ्या कपाळाला टेकवलं.

मामा पुढे बसले, मागे नवरदेव बाशिंग सावरत, त्याच्या शेजारी करवली. आमच्यामागे वऱ्हाडाचा ट्रक, ट्रकात बायका, माणसं, पोरं आणि वाजंत्री. हिंगणीपर्यंत डांबर होतं, काही प्रश्न आला नाही. हिंगणी मागे पडल्यावर मी एका बाईला विचारायला गाडी हळू केली, तशी मामांनी काठी डॅशबोर्डवर ठोकली.

"नवरदेवाची गाडी वाट इचारत नाई. सासुरवाडीले जाऊन राह्यलो आपण, भीक मांगाले नाई. सोयरिकीले मी येऊन गेलो हाय. मी सांगतो थसं चाल."

हा त्यांचा एकट्याचा हेका नव्हता. आमच्याकडे मुलाकडच्यांचा मान असाच असायचा. वाट विचारली की पोरीकडचे वर्षभर सांगत फिरणार, पाव्हणे शिवारात भटकत होते. शिवेवर माणूस उभा करणं मुलीकडच्यांचं काम, आणि शिवेपर्यंत पोचणं देवाचं. मामा सोयरिकीला आले होते ते खरं, पण ते मोटारसायकलवर मागे बसून, आणि पावसाळ्यात. वैशाखात शिवाराचं तोंड बदललेलं असतं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, सगळी काळी जमीन भेगाळलेली, झाडांना पानं नाहीत. एका फाट्यावर मोहाच्या झाडाखाली एक म्हातारा बकऱ्या घेऊन बसला होता. दोन वाटा फुटत होत्या. मी गाडी थांबवली आणि काच खाली करून तोंड उघडणार, तेवढ्यात मामा माझ्यावरून वाकून ओरडले.

"काहो बुढेबाबा, बोरखेडीले हाच रस्ता जाते ना?"

म्हाताऱ्याने फेटा पाहिला, झेंडूच्या माळा पाहिल्या. "हो जी," तो म्हणाला. "जाते ना."

मी म्हटलं, "मामाजी, असं इचारल्यावर कोणी नाई म्हणत नाई."

"त्याच्या तोंडून ऐकलं ना? मंग चाल. गाडी हाकाचं काम तुह्यं, वाट पाह्याचं माह्यं."

गिऱ्हाईक होतं. मी वळवली. पुढे वाट हळूहळू बारीक होत गेली. आधी शेण संपलं. मग बंडीच्या चाकोऱ्या संपल्या. मग दोन्ही बाजूंनी बोरीची झुडपं गाडीच्या अंगाला नखं लावू लागली, आणि एका वळणावर समोर नाला आला. पाणी नव्हतं, पण म्हशीएवढे गोटे होते. पलीकडे बारीक पायवाट चढून सागाच्या टेकाडाआड जात होती. म्हातारा खोटं बोलला नव्हता. रस्ता बोरखेडीला जात होता, फक्त त्याने पायी जाणाऱ्याचा सांगितला होता. मागे ट्रक येऊन धडधडत उभा राहिला.

सगळे उतरले. सूर्य कलायला लागला होता आणि लग्न गोरज मुहूर्तावर होतं. म्हणजे गुरं घरी येतील तेव्हा नवरदेव मांडवात हवा. नवरदेव कोटाखाली घामाने निथळत होता आणि करवली त्याच्या तोंडावर रुमालाने वारा घालत होती. ट्रकातल्या बायका पाणी मागू लागल्या. सगळे मामांकडे पाहू लागले, आणि मामांनी ते सगळं पाहणं उचलून माझ्यावर ठेवलं.

"पोट्टीच्या हाती गाडी देल्ली, मंग दुसरं काय होणार होतं? वाट चुकवली हिनं. अन् तिथं तिचा काका मांडवात हाय ना, त्याले सांगतोच मी." त्यांनी ट्रकच्या ड्रायव्हरला हाक मारली. "ये रे, घे ही गाडी. तुह्या क्लीनरले ट्रकवर बसव. चावी दे वं पोरी."

मला भीती मामांची नव्हती. काकांना हेच हवं होतं, आणि ते आता सगळ्या वऱ्हाडाच्या साक्षीने त्यांच्या हातात पडणार होतं. ट्रकवाला हात पुढे करून उभा होता. मी इंजिन बंद केलं, चावी काढली आणि मुठीत धरली.

"गाडी माह्या बापाची हाय, मामाजी. चावी माह्यापाशी हाय अन् माह्यापाशीच राहीन. ज्याले पायी जायचं हाय त्यानं या वाटेनं जावं, वाट चांगली हाय. ज्याले गाडीत यायचं हाय त्यानं जरा चूप बसावं. ट्रक बंद करा."

ट्रकवाल्याने एकदा मामांकडे पाहिलं, एकदा माझ्या मुठीकडे, तंबाखू थुंकली आणि जाऊन ट्रक बंद केला. एक ताशेवाला उगाच काडी आपटत होता, त्याला एका म्हातारीने हाणलं. कुणाचंसं पोर रडत होतं, त्याला त्याच्या आईने अंगाशी घेतलं. आणि मग उतारावर इंजिन बंद केल्यावर व्हायचं तसं सगळं शिवार ऐकू यायला लागलं. होला घुमत होता. सागाची वाळकी पानं. आणि वाऱ्यावर, तुटत तुटत, सनई.

"थे काय, समोरच वाजून राह्यलं," मामा म्हणाले. खरंच समोरून येत होती, नाल्यापलीकडून. पण डाव्या हातालाही येत होती, टेकाडाच्या बगलेतून. दोन लग्नं होती, दोन भोंगे. वैशाखात त्यात नवल नाही. आणि दोन्हीकडे एकच तबकडी, त्या वर्षी सगळ्या जिल्ह्याची लग्नं त्याच सनईवर लागत होती. मी गाडीच्या बॉनेटवर चढून उभी राहिले. झेंडू पायाखाली चुरडले. सनई हळू होती तोवर काही कळेना. मग ती चढू लागली. समोरची स्वच्छ चढली, वर गेली, टिकली. डावीकडची चढली आणि तिच्या नाकात गोमाशी शिरली.

पतंगाचा कागद आणि बाभळीचा डिंक. तो आवाज मी जगात कुठेही ओळखला असता. "बोरखेडी डावीकडं हाय," मी सांगितलं आणि खाली उतरले. मामा म्हणाले, कशावरून? मी म्हटलं, भोंगा आमचा हाय, सनई चढली का त्याच्या नाकात गोमाशी शिरते. चेअरमन फेटा सावरत गाडीत जाऊन बसले.

ट्रक मागे घ्यायला वेळ लागला, माणसं उतरून बोरीच्या फांद्या धरून उभी राहिली. फाट्यावर म्हातारा तसाच बसलेला होता. मी विचारलं, ही दुसरी वाट कुठी जाते? आणि गप्प राहिले. त्याने सांगितलं, टेकाडाला वळसा घालून पाण्याच्या टाकीवरून बोरखेडीत. "मोटार जाते," त्याने वर आपणहून सांगितलं. मामा दुसरीकडे पाहत होते. वाटेत मी दोनदा इंजिन बंद करून ऐकलं. दुसऱ्यांदा मागच्या सीटवरून नवरदेवच म्हणाला, "आपलाच हाय, ताई. गोमाशी आली."

आम्ही शिवेवर पोचलो तेव्हा गुरांची धूळ गावावर उतरत होती. मुलीकडचे पाण्याचे तांबे आणि ओवाळणीचं ताट घेऊन ताटकळले होते. काका त्यांच्यात उभे. मामा गाडी पुरती थांबायच्या आधी उतरले आणि पहिला निरोप त्यांनी काकांना दिला, तुमच्या पोरीने वाट चुकवली, आम्हाला नाल्यात नेलं. काकांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. हिशेब बरोबर आल्याचं समाधान तेवढं होतं. ते खिडकीपाशी आले आणि त्यांनी तळहात पसरला.

"कबूल केलतं ना, कुंदे? चुकली ना वाट?"

नाला कुणी सांगितला, म्हाताऱ्याला कुणी काय विचारलं, हे सगळं मी सांगू शकले असते. ते खरंही होतं. पण त्या तळहाताकडे पाहताना मला दिसलं की आज मामा होते म्हणून सुटेन, उद्या कुणी मामा नसेल तेव्हा काय करू? वाट कधी ना कधी चुकणारच होती. काकांचीही चुकायची. एकदा ते अख्खा मांडव घेऊन भलत्याच तेरवीत जाऊन उभारून आले होते, आणि त्यांच्या ट्रकची चावी कुणी मागितली नव्हती.

"चुकली," मी म्हटलं. "सापडली बी. चुकली म्हून चावी देत असन कोणी, त पहिले तुमची द्या. मी नाई देत."

काकांचा हात तसाच राहिला. मांडवात ॲम्प्लिफायरजवळ बाबा उभे होते. तिथून आम्ही दिसत होतो, बोलणं किती ऐकू गेलं ते मला कधीच कळलं नाही. सनई मध्येच थांबली. खरखर झाली. आणि टेकाडापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बाबा बोलले, ज्या आवाजात ते पुढाऱ्यांची नावं पदांसकट घ्यायचे.

"हॅलो. हॅलो. नवरदेवाची गाडी मांडवाजवळ आलेली आहे. गाडी आणणाऱ्या, कुमारी कुंदा, बी. ए. भाग दोन. लोकांनी बाजूला व्हावं, गाडीला वाट द्यावी."

'बी. ए.'वर शेंबडा भोंगा नाकात गुणगुणला. लोकांनी वाट दिली. त्यांच्याबरोबर काकाही बाजूला झाले, कारण ते वाटेतच उभे होते. त्या गर्दीतून मी गाडी मांडवापर्यंत नेली, आणि माझ्या आठवणीत तेवढं अंतर मी पुन्हा कधीही इतक्या हळू चालवलेलं नाही. रात्री पंगतीत काकांनी माझ्या पत्रावळीवर स्वतः बुंदी वाढली. चावीचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही, मीही नाही. साळ्याने पुढे पानाचं दुकान काढलं आणि ते छान चाललं.

सकाळी पाठवणी झाली. मामा पुढे, मागे नवरदेव आणि डोक्यावरून पदर ओढलेली नवरी. ती गावाच्या टाकीपर्यंत रडत होती, मनापासून, थांबत थांबत. फाट्यावर आलो. मोहाखाली म्हातारा नव्हता, पण त्याच्या बकऱ्या होत्या. मी गाडी हळू केली. एका रात्रीत मामांना सगळं पुन्हा सापडलं होतं. त्यांनी काठी उचलली आणि समोर नाल्याच्या वाटेकडे रोखली. "हे काय, सरळ—"

मागून पदराआडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"सरळ नाला हाय, मामाजी," नवरी म्हणाली. "ताई, उजवीकडं घ्या."

मी उजवीकडे घेतली.